‘कमवा व शिका’च्या अर्जात एक काम वाढवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये महाविद्यालये उघडली की थोड्याच दिवसांत ‘कमवा व शिका’ योजनेचे अर्ज निघतात. अर्जात कामाच्या स्वरूपाचा एक रकाना असतो. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, बाग, स्वच्छता. मुले त्यांतल्या एकावर खूण करतात, नेमून दिलेले तास भरतात आणि त्या तासांचे मानधन घेतात. माझी मागणी अशी आहे, की त्या रकान्यात आणखी एक काम वाढवावे. आपल्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे कुठे काय अडते ते मुलांनीच शोधायचे, लिहायचे आणि प्राचार्यांपर्यंत पोचवायचे. त्याचेही तास मस्टरवर लागावेत, त्याचेही पैसे मिळावेत.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात सत्तावीस वर्षे ग्रंथपाल होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. महाविद्यालयाचे नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांशी माझे भांडण नाही, आणि इतर ठिकाणच्या ग्रंथपाल मैत्रिणी भेटल्या की त्याही हेच अनुभव सांगतात.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेची समिती येणार होती त्या वर्षीची गोष्ट. फीडबॅक फॉर्म भरून घ्यायचे काम ग्रंथालयाकडे आले, कारण वाचनकक्षात एका वेळी साठ मुले बसतात. प्रत्येक वर्गाला वीस मिनिटे. फॉर्मवर पंधरा-सोळा प्रश्न आणि पुढे पाच चौकोन, ‘अतिशय उत्तम’पासून ‘असमाधानकारक’पर्यंत. पहिल्याच वर्गात मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “मॅडम, कुठल्यावर टिक करायची?” त्याला खरेच माहीत करून घ्यायचे होते. परीक्षेत एकच उत्तर बरोबर असते, तसे इथेही असणार असे त्याला वाटत होते. मी काही बोलण्याआधीच फॉर्म गोळा करायला आलेले आमचे सहकारी म्हणाले, “पहिल्या दोनातली कुठलीही चालेल.” चार दिवसांत सगळे फॉर्म भरून झाले. गठ्ठे बांधताना मी एकेक उलटून पाहत होते. एका फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने चार ओळी होत्या. आमच्या गावाची शेवटची गाडी पावणेपाचला सुटते, प्रॅक्टिकल पाचला संपते, म्हणून मी दर बुधवारी प्रॅक्टिकल अर्धे सोडून जाते, सरांना वाटते मला आवड नाही.

नाव लिहिलेले नव्हते. फॉर्मवर नाव विचारलेलेच नव्हते. तो गठ्ठा कपाटात गेला. अहवालात आले, की शेकडा नव्वदहून जास्त विद्यार्थी समाधानी आहेत. त्या नव्वदांत ही मुलगीही होती, कारण पुढच्या बाजूला तिने सगळीकडे पहिल्या चौकोनात टिक केली होती.

नॅकच्या मूल्यांकनात २०१७ पासून विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आले. त्यात एकवीस प्रश्न होते, वीस पर्यायांचे आणि शेवटचा मोकळा. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांची यादी द्यायची आणि नॅकने थेट मुलांच्या ई-मेलवर प्रश्नावली पाठवायची, अशी पद्धत ठेवली. महाविद्यालयाला मध्ये न घेता मुलाला विचारायचे, हा विचार मला मनापासून पटला होता. पण आमच्या मुलांचे ई-मेल कोणी काढलेले असतात? शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना स्टँडसमोरच्या सायबर कॅफेवाल्याने. पासवर्डही त्याच्याच वहीत असतो. प्रश्नावली आली तेव्हा कितीतरी मुलांना आपण कुठला ई-मेल दिला होता हेच आठवेना. मी दोन दिवस त्यांना कॅफेत पाठवून पासवर्ड मागवून घेत होते.

या सगळ्यात मुलांना विचारलेच जात नाही असे नाही. विचारले जाते, फुकट आणि घाईत विचारले जाते, आणि उत्तराचे पुढे काय झाले ते कोणी त्यांना येऊन सांगत नाही. कोणाही शहाण्या माणसाने अशा प्रश्नाला जेवढे मनावर घ्यावे तेवढेच मुले घेतात.

मी स्वतः ‘कमवा व शिका’तली. साताऱ्यात शिकत असताना मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवायचे, खळ शिजवायचे काम केले. ग्रंथपाल व्हायचे हे तिथेच ठरले. साताऱ्यात ही योजना नुसती योजना नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, पुढे साताऱ्यात धनिणीच्या बागेत सगळ्या जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवले, आणि तिथली मुले स्वतःचा स्वयंपाक, शेती, दगडमाती सगळे करून शिकली. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हा त्याचा पायाच होता. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य आम्ही रोज भिंतीवर वाचत असू. त्या वसतिगृहात मुलगा नुसता राबत नव्हता. कोठीत किती धान्य उरले, भाकरी कोणी थापायच्या, कुठल्या कामाला किती जण लागतील, हे मुलांनाच बघावे लागे. आपल्या हाताने उभ्या केलेल्या घराबद्दल बोलायचा अधिकार त्यांना वेगळा द्यावा लागला नाही. आता योजनेतले कष्ट तेवढे राहिले आहेत आणि बोलणे गळून गेले आहे. मूल बागेला पाणी घालते, पण पाण्याची टाकी दुपारी रिकामी का असते हे त्याला कोणी विचारत नाही. त्याला मात्र ते पक्के माहीत असते.

त्या पेन्सिलीच्या चार ओळी डोक्यातून जात नव्हत्या. पुढच्या जूनमध्ये ग्रंथालयाकडे योजनेतली दोन मुले आली. एक पाटण खोऱ्यातली मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची. दुसरा कलाशाखेचा मुलगा, मामाकडे राहणारा आणि पहाटे दुधाचे रतीब घालणारा. एरवी मी त्यांना कपाटे पुसायला आणि लेबले चिकटवायला सांगितले असते. त्या वर्षी दोघांच्या हातात एकेक दोनशे पानी वही दिली. सांगितले, की रोज एक तास वाचनकक्षात, व्हरांड्यात, स्टँडवर, जिथे मुले बसतात तिथे बसा. तुमचे इथे काय अडते एवढेच विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. मस्टरवर मी काम लिहिले, ‘वाचक सर्वेक्षण’.

पहिल्या पंधरा दिवसांत वह्यांत फारसे काही आले नाही. ‘सगळे चांगले आहे’, ‘कँटीन महाग आहे’. पाटणची मुलगी हिरमुसून म्हणाली, “मॅडम, मलाही कोणी विचारले असते तर मी हेच सांगितले असते.” मग तिनेच प्रश्न बदलला. अडते काय, असे विचारायचे सोडून ती विचारू लागली, की काल तू सकाळपासून घरी जाईपर्यंत काय काय केलेस ते सांग. त्यानंतर वही भरायला लागली.

वाचनकक्ष पाचला बंद होतो आणि चाळीसएक मुले सव्वासहाच्या गाडीपर्यंत स्टँडच्या बाकांवर बसून असतात, हे मला इतक्या वर्षांत कळले नव्हते. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दोन दारांना आतून कडी नाही, म्हणून लांबून येणाऱ्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हेही नाही. विज्ञानाची मराठी माध्यमातून आलेली मुले पहिल्या सत्रात पुस्तक घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी परत करतात. मी त्यांना चंचल समजत होते. त्यांना इंग्रजी शास्त्रीय शब्दांना मराठी शब्द देणारा परिभाषा कोश हवा होता, आणि ते कोश मी ‘संदर्भ विभाग, घरी मिळणार नाही’ असा शिक्का मारून काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवले होते. खिडकीशी उभे राहून पुस्तकाचे नाव सांगायचे, तर ते इंग्रजी नाव उच्चारताना चुकले आणि मागचे हसले, म्हणून एक मुलगा वर्षभर ग्रंथालयात आला नाही. हे वाचून मी त्या रात्री झोपले नाही. खिडकीच्या अलीकडे मीच बसलेली असायची.

कडीला साठ रुपये लागले आणि सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरी. कोश उघड्या मांडणीवर आले. वाचनकक्ष साडेसहापर्यंत उघडा ठेवायचे मी आणि आमच्या शिपाईभाऊंनी आपसांत वाटून घेतले. बुधवारचे प्रॅक्टिकल सकाळी घ्यायला विज्ञानाचे सर लगेच तयार झाले. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

यात एक अवघड वळण आले, ते लपवण्यासारखे नाही. दिवाळीनंतर तो रतीबवाला मुलगा आला आणि माझ्या टेबलावर वही ठेवून म्हणाला, “मला कपाटे पुसायचे काम द्या.” वर्गात त्याला ‘मॅडमचा खबऱ्या’ म्हणायला लागले होते. पैसे घेऊन आमचे बोलणे वर सांगतो, असा मुलांचा समज झाला होता, आणि तो समज अगदीच चुकीचा नव्हता, कारण वहीत काय लिहिले जाते ते त्या मुलांना दिसत नव्हते. पैशाच्या योजनेत हा धोका आहेच. त्या मुलाला मी त्यात ढकलले होते. मी त्याची माफी मागितली आणि आम्ही तिघांनी बसून नियम ठरवले. वहीत कोणाचेही नाव येणार नाही, शिक्षकाचे नाही आणि विद्यार्थ्याचेही नाही. वही प्राचार्यांकडे जाण्याआधी आठवडाभर वाचनकक्षाच्या मधल्या टेबलावर उघडी राहील. ज्याला आपले बोलणे खोडायचे असेल त्याने खोडावे, ज्याला भर घालायची असेल त्याने घालावी. आठवड्याने वही उचलली तेव्हा वेगवेगळ्या अक्षरांतली अकरा पाने वाढली होती. ‘खबऱ्या’ हा शब्द मला पुन्हा ऐकू आला नाही.

पैसे कशाला हवेत, असे मला अनेकांनी विचारले. आपल्याच कॉलेजसाठी मुले एवढेही करणार नाहीत का? करतील, पण कोणती करतील ते बघावे. ज्यांची खोली गावात आहे, ज्यांच्याकडे दुचाकी आहे, ज्यांना संध्याकाळी गोठ्यात किंवा दुकानात उभे राहायचे नाही, ती येतील. समित्यांवर, स्नेहसंमेलनात, प्राचार्यांच्या केबिनमध्ये तीच दिसतात आणि त्यांचे म्हणणे विद्यार्थ्यांचे म्हणणे ठरते. रतीब घालणारा मुलगा एक तास फुकट बसू शकत नाही. त्या तासाचे मोल दिले तरच त्याचे डोळे आणि कान महाविद्यालयाला मिळतात. दुसरे असे, की ज्या कामाचे पैसे दिले जातात त्याचा कागद कोणाला तरी सही करून घ्यावा लागतो, आणि ज्याने सही केली त्याला उद्या विचारता येते, की पुढे काय केलेत?

विकत घेतलेली मुले गोडगोड बोलतील ही शंकाही ऐकली. मानधन तासांचे आहे, उत्तराचे नाही. कडी नाही असे लिहिणाऱ्याला आणि सगळे ठीक आहे असे लिहिणाऱ्याला सारखेच पैसे. ज्या विभागाबद्दल लिहायचे त्या विभागप्रमुखाच्या हाती मस्टर नसावे एवढी काळजी मात्र घ्यावी लागेल.

माझी भाची इंग्लंडमध्ये एम.एस्सी. करत होती. तिथल्या विद्यापीठाने तिला विद्यार्थी सल्लागार म्हणून तासावर नेमले होते. नव्या अभ्यासक्रमाचे वेळापत्रक, वसतिगृहाचा अर्ज, ग्रंथालयाचे संकेतस्थळ, असे काही आधी या मुलांपुढे ठेवायचे, त्यांच्याकडून चुका काढून घ्यायच्या. विद्यार्थी व्हिसावर सत्रात आठवड्याला वीस तासच काम करता येते, त्यात हे तासही मोजले जात, म्हणजे ते पक्के काम होते. तिच्यामुळे मी वाचू लागले. बर्मिंगहॅम सिटी विद्यापीठाने २००९ पासून विद्यार्थ्यांना मोबदला देऊन प्राध्यापकांच्या जोडीने शिक्षण सुधारण्याच्या प्रकल्पांवर घेतले. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठात २०१३ पासून असेच चालते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रिन मॉर कॉलेजात त्याही आधीपासून विद्यार्थिनी तासाच्या मानधनावर एखाद्या प्राध्यापकाच्या वर्गात दर आठवड्याला बसतात, शिकवताना काय घडते त्याची टिपणे काढतात आणि नंतर प्राध्यापकाशी बसून बोलतात. त्या वर्गाची विद्यार्थिनी तिथे चालत नाही, कारण तिचे गुण त्याच प्राध्यापकाच्या हातात असतात. ही अट वाचून मला आमच्या वहीच्या नियमांची आठवण झाली.

तिकडच्या विद्यापीठांकडे पैसा आहे, हे खरे. पण आमचा खर्च बघा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या योजनेत काही वर्षांपूर्वी तासाला ४५ रुपये मिळत. त्या दराने साठ तासांचे २,७०० रुपये होतात. समिती येते त्या दिवशीच्या शाली, हार आणि फलकांवर याहून जास्त जातात. शिवाय हा नवा खर्चही नाही. योजनेचे तास आहेत, तरतूद आहे, मुले आहेत. कामाचा एक प्रकार तेवढा वाढवायचा आहे.

तो वाढला नाही म्हणूनच माझे काम थांबले. दुसऱ्या वर्षी लेखापरीक्षणात मस्टरवरच्या ‘वाचक सर्वेक्षण’ या शब्दांवर बोट ठेवले गेले. योजनेच्या मंजूर कामांत असे काम दिसत नाही, मानधन कशाच्या आधारे दिले, असा शेरा आला. कार्यालयाने नियमाप्रमाणेच केले, त्यांचा दोष नाही. पुढच्या जूनमध्ये आलेली मुले पुन्हा कपाटे पुसू लागली. वाचनकक्षही, शिपाईभाऊंची बदली झाल्यावर, पुन्हा पाचला बंद होऊ लागला.

कोणी म्हणेल, विद्यार्थी परिषद कशासाठी आहे? महाराष्ट्रात महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका १९९४ पासून बंद झाल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात त्या परत आल्या, पण २०१९ साली जाहीर होऊनही पुढे ढकलल्या गेल्या. आमच्याकडच्या मुलांच्या एका अख्ख्या पिढीने मत कसे द्यायचे ते महाविद्यालयात पाहिलेले नाही. निवडणुका व्हायलाच हव्यात, पण त्या होईपर्यंत दाराला कडी नसावी असे कुठे लिहिले आहे? तक्रार निवारण समित्याही आहेत, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांत लोकपालही आहे. तिथे जायला तक्रार करण्याइतके धैर्य लागते. कोणी परिभाषा कोश मिळत नाही म्हणून लोकपालाकडे जात नाही. पाणी न पिणारी मुलगी तर नाहीच नाही. ती कोणावर रागावलेलीसुद्धा नव्हती. असेच असते असे ती धरून चालली होती.

आपल्या वृत्तपत्रातून माझी विनंती विद्यापीठांच्या विद्यार्थी विकास मंडळांना आहे. ‘कमवा व शिका’ त्यांच्याकडेच आहे. येत्या वर्षाच्या परिपत्रकात मंजूर कामांच्या यादीत ‘विद्यार्थी-अडचणींची नोंद’ एवढे शब्द घालावेत. प्रत्येक महाविद्यालयातून दोन किंवा तीन मुले, त्यांतले निम्मे तरी रोज गाडीने येणारे असावेत. वही उघडी असावी, नावे नसावीत, आणि प्रत्येक नोंदीपुढे महाविद्यालयाने काय केले, किंवा का केले नाही, ते लिहून तीच वही परत वाचनकक्षात ठेवावी. निकाल उशिरा लागणे, पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरून महिनोन्महिने वाट बघणे, अशा ज्या गोष्टी आमच्या हातात नव्हत्या त्यांची पाने वर्षातून दोनदा विद्यापीठाकडे जावीत. आमच्या वहीत अशी पंधरा पाने होती. ती कुठे पाठवायची ते आम्हाला कळले नाही, म्हणून ती वहीतच राहिली.

पाटणची ती मुलगी आता एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मागे भेटली तेव्हा सांगत होती, की वर्गातल्या मुलांना ती अजून तोच प्रश्न विचारते, काल सकाळपासून काय काय केलेस?

निवृत्त होताना कपाट रिकामे करायला सांगितले, तेव्हा त्या दोन्ही वह्या रद्दीच्या ढिगात निघाल्या होत्या. मी विचारून घरी आणल्या. ज्या महाविद्यालयाला किंवा विद्यार्थी विकास मंडळाला बघायच्या असतील त्यांना झेरॉक्स करून द्यायला मी तयार आहे. माझा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल,
जि. सातारा